आबांचा शार्क आणि वन खात्याच्या मॅडम

मागच्या सोमवारी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला न लावला तोच आमच्या आबांचा फोन. "मला आत टाकत्यात आता. तू ये." एवढंच बोलले आणि ठेवून दिला…

आबा म्हणजे माझे वडील. रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. आयुष्यभर घाटातनं गाडी चालवली, कुणाच्या बापाला घाबरले नाहीत. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. तशीच स्कूटी काढली आणि थेट कळंब्याला त्यांच्या घरी.

झालं होतं असं की कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकलेला… घरात शार्क पाळणं गुन्हा आहे, जेल होते. त्याखाली शेजारच्या काकांनी लिहिलं, "आपल्या कॉलनीत एक आहे," आणि पुढं दोन हसणारी तोंडं. आबांना ती तोंडं दिसलीच नाहीत.

कारण आबांकडं शार्क आहे ना! रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून मीच टाकी आणून दिली होती. दुकानदारानं शार्क म्हणून दिलेला बोटाएवढा मासा आता हातभर झालाय. त्याचं नाव पैलवान. आबा दिवसभर त्याच्याशी गप्पा मारत बसतात. आई म्हणते, "माझ्याशी एवढं कधी बोलला नाहीत."

घरी येणाऱ्या प्रत्येक पावण्याला आधी पैलवान दाखवायचा, मग चहा. टाकीच्या टोकाला गेला की तो न वळता मागं मागं सरकतो, त्याचं तर काय कौतुक! "बघा, माझ्यागत रिव्हर्स घेतोय की!"

मी पोचले तर टाकीवर आईची जुनी साडी टाकलेली. लपवला होता म्हणे. मला हसू आवरेना, पण आबांच्या डोळ्यांत पाणी होतं… म्हटलं, चला, ऑफिसातच जाऊन विचारू. उगाच जीवाला घोर नको.

वन खात्याच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. आबांनी बसायच्या आधीच हात जोडले. "बाईसाहेब, मला काय करायचं ते करा, पण त्याला न्हेऊ नका. तो दुसऱ्याच्या हातचं खात न्हाय."

मी घाईनं मोबाईलमधला पैलवानचा फोटो पुढं केला.

मॅडमनी फोटो बघितला आणि हसू दाबलं. म्हणाल्या, काका, हा शार्क नव्हेच. समुद्रातल्या खऱ्या शार्कच्या बऱ्याच जातींना कायद्यानं संरक्षण आहे, त्या घरात ठेवल्या तर गुन्हाच. पण हा गोड्या पाण्यातला पंगस, दुकानात शार्क नाव पडलंय तेवढंच. खुशाल पाळा. फक्त रंकाळ्यात नाहीतर नदीत सोडू नका, बाहेरच्या माशानं इथल्या माशांचे हाल होतात.

आबा असे खुलले की विचारू नका! त्याच खुशीत त्यांनी मॅडमना रिव्हर्सचा व्हिडिओ दाखवला. मॅडमनी तो दोनदा बघितला. मग हळूच म्हणाल्या, "काका, हा रिव्हर्स घेत नाही… ह्याला वळायला जागाच नाही."

आबांनी व्हिडिओ बंद केला. रात्री जेवलेसुद्धा नाहीत.

सकाळी मला म्हणाले, "घाटात गाडी अडकली की जीव कसा गुदमरतोय, मला म्हाईत हाय. ह्याला मीच अडकवून ठेवलाय गं." मग त्याच्यासाठी मोठी जागा शोधायला लागलो.

शिरोळच्या मावसभावानं स्वतःचं शेततळं देऊ केलं. पण आबाच नको म्हणाले, महापूर आला की तिथं तळं आणि नदी एकच होतंय. शेवटी नेसरीजवळच्या आत्याचं माळावरचं शेततळं ठरलं. तिथं पुराचं पाणी चढत नाही. मॅडमना फोन करून विचारलं, चालेल म्हणाल्या.

काल रविवारी निघालो. चारचाकी मी चालवत होते आणि आबा मागं पैलवानच्या ड्रमला मिठी मारून. "गचके देऊ नको, त्याला लागंल!" हे नेसरीपर्यंत. आयुष्यात एवढी सावकाश गाडी मी चालवलेली नाही.

पाण्यात सोडल्यावर पैलवान काठाशी थोडा वेळ तसाच थांबला. टाकी संपली असंच वाटलं असणार बिचाऱ्याला. मग जरा पुढं गेला, अजून पुढं गेला… आणि एक मोठा वळसा घेऊन परत आमच्याकडं आला.

"वळला की गं! वळला!" आबा माळावर ओरडले आणि तिथंच बसून ढसाढसा रडले. मग आम्ही दोघीही रडलो, मी आणि आत्या.

मॅडम, पाळायला परवानगी आहे एवढं सांगून तुम्ही थांबला नाहीत, मनापासून थँक्यू.

येत्या रविवारी आबांना परत जायचंय, एसटीनं. खाद्याची पिशवी आत्तापासूनच दाराला लटकवून ठेवलीय.