खंडेनवमीला धुतलेले कॉम्प्युटर

गोरक्ष कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतो, हे त्याच्याकडं बघून कुणाला पटत नाही. मान रेड्यासारखी, दंडावर काळा दोरा, खाली बुलेट. चाकणच्या पुढं त्याचं गाव. घरी शर्यतीचा बैल आहे, त्याचं नाव चिमण्या. बैल हत्तीएवढा, नाव चिमण्या. गोरक्षच्या लग्नाच्या बायोडाटात त्याच्याशेजारी चिमण्याचाही फोटो होता, असं त्याच्या गावचे लोक शपथेवर सांगतात. पोरगी जमायला वेळ लागला, एवढं मात्र खरं. शेवटी जिनं हो म्हटलं त्या सुप्रियानं म्हणे फोटो बघून विचारलं, "बैल कुणाचा? छान आहे." बैलाच्या मालकाबद्दल तिचं मत काय होतं, ते अजून बाहेर आलेलं नाही.

मला हे सगळं कुठून कळतं, असं विचारू नका. विचारलंत तर सांगतो. त्या कंपनीच्या खरेदी खात्यातले बबनराव निगडीत आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी फिरायला आम्ही बरोबर असतो. त्यांच्या पोटात चहासुद्धा फार वेळ राहत नाही, तिथं बातमी काय राहणार? आणि बबनराव स्वतःच्या फजितीचा जो भाग गाळतात, तो सुमनताईंकडून मिळतो. सुमनताई लातूरकडच्या. त्याच कंपनीत साफसफाईच्या बायकांच्या मुकादम आहेत आणि संध्याकाळी आमच्या हिच्याबरोबर भजनी मंडळात असतात. दोन बाजूंनी ऐकल्यावर मधलं मी बरोबर जुळवतो.

तर कंपनी सायलेन्सर बनवते. नाव सांगत नाही. तीस-पस्तीस कॉम्प्युटर असतील, आणि ते सगळे जखडून टाकलेले. पेन ड्राइव्ह लावायची भोकं बुजवलेली, नेटवरून काही उतरवून घ्यायची बंदी. याचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फुकट मोबाईलच्या आशेनं भलताच मेल उघडला होता आणि सगळी कंपनी दोन दिवस बंद पडली होती. मुंबईच्या हेड ऑफिसनं मग सगळीकडं कुलपं घातली. तो कुणीतरी कोण, ते मी सांगणार नाही. बबनराव तेव्हापासून मेल उघडण्याआधी चष्मा पुसतात, एवढंच सांगतो.

या कुलपांमुळं एक गंमत झाली. आपण ब्राउझरमध्ये मेल लिहितो तेव्हा शब्द चुकला की खाली लाल नागमोडी रेघ येते ना, ती यायला ब्राउझरजवळ शब्दकोशाची फाईल लागते. ती तो गुपचूप नेटवरून स्वतःच आणतो. इथं दारालाच कुलूप, मग आणणार कुठून? सेटिंग उघडलं तर इंग्रजीपुढं बरोबरची खूण दिसायची, सगळं आलबेल वाटायचं. पण शब्दकोश आलेलाच नाही, त्यामुळं रेघही नाही. याची तक्रार कुणी केली नाही. का करतील? रेघ नाही म्हणजे चूक नाही! सगळ्या ऑफिसला वाटायला लागलं की आपलं इंग्रजी सुधारलं. बबनराव तर रोज सकाळी मला ऐकवायचे, "वर्षभरात एक लाल रेघ नाही, बोला! वाचन वाढवलंय मी." वाचन म्हणजे व्हॉट्सॲप.

मग परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं फोन केला. तुमच्याकडची पत्रं कृपया शुद्धीवर असलेल्या माणसाकडून लिहून घ्या, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. फोन घेतला होता कंपनीच्या प्रमुखांनी, म्हणजे वर्षाली मॅडमनी. त्यांनी गोरक्षला केबिनमध्ये बोलावलं.

"दसरा झाला की दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा माणूस येतोय, गोरक्ष. प्रत्येक टेबलावर त्याला लाल रेघ दिसली पाहिजे. नाही दिसली तर कॉम्प्युटरचं काम हिंजवडीच्या एजन्सीकडं जाईल. मला थांबवता येणार नाही."

गोरक्ष तिथं कंत्राटावर. काम गेलं की तोही गेला. आणि सुप्रियाच्या वडिलांनी पोरगी दिली होती ती कंपनीकडं बघून. बैलाकडं बघून फक्त सुप्रियानं हो म्हटलं होतं.

त्यानं हेड ऑफिसच्या इतक्या विनवण्या केल्या की शेवटी त्यांनी शब्दकोशाची फाईल कंपनीतल्या आतल्या नेटवर्कवर ठेवून दिली. तिथून ती एका फटक्यात सगळ्या कॉम्प्युटरमध्ये पाठवता येते, पण त्याची किल्ली हेड ऑफिसकडं, आणि किल्लीवाला माणूस सुट्टीवर. राहिला एकच मार्ग. प्रत्येक टेबलाशी जायचं, आपला पासवर्ड घालायचा, फाईल ब्राउझरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, ब्राउझर बंद करून चालू करायचा. काम पाच मिनिटांचं. पण खुर्चीवरचा माणूस उठला तर!

डिस्पॅचच्या ज्योतीरामकडं गेला तर तो म्हणाला, "भावा, गाडी गेटवर उभी आहे, चारला ये." चारला गेला तर दुसरी गाडी उभी. बबनराव डबासुद्धा कीबोर्डवर वाकून खातात. आणि संध्याकाळी सगळे उठले की ऑफिसला कुलूप, किल्ली सिक्युरिटीकडं.

तेव्हा गोरक्षच्या डोक्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं कंपनीत काम नसतं. मशिनी धुऊन-पुसून, तेल-पाणी करून त्यांची पूजा होते, आणि मग सगळे मांडवात जेवायला जातात. ऑफिस मोकळं! पूजा दरवर्षी दुपारी बारानंतरच. सकाळी नऊला जायचं, बारापर्यंत सगळी टेबलं उरकायची, असा त्यानं बेत केला. बेत चांगला होता. फक्त नवमीच्या सकाळी त्यानं आधी घरचा ट्रॅक्टर धुतला, मग बुलेट धुतली, मग बैलगाडा धुतला. चिमण्याला तर पूजेचा मान नसताना आंघोळ घातली. ट्रॅक्टरच्या चाकाला हळद-कुंकू लावून बुलेटला हार घालेपर्यंत अकरा वाजले. आणि तिकडं मॅडमच्या रावेतच्या नव्या फ्लॅटमध्ये त्याच दिवशी होम होता, म्हणून त्यांनी कंपनीतली पूजा सकाळीच उरकून घेतलेली. हे सगळ्यांच्या ग्रुपवर आलं होतं. गोरक्षनं त्या वेळी ग्रुपवर बैलगाड्याचा व्हिडिओ टाकला होता, मेसेज वाचला नव्हता.

तो ऑफिसात शिरला तेव्हा माणूस एक नव्हता, पण प्रत्येक स्क्रीनवर कुंकवाचं स्वस्तिक, कीबोर्डवर झेंडूचं फूल, माउसवर अक्षता. दारात स्टूल टाकून सुमनताई बसलेल्या.

"काय करायलास रे?"

"काय न्हाई ताई, जरा कॉम्प्युटर चालू करतो."

"कशाला चालू करतोस? पूजा झाल्याली हाय. देव बसलाय त्यात. आज हात लावायचा न्हाई."

"आवं, पाच मिन्टाचं काम हाय एकेकाचं."

"तिकडं प्रेसवाल्यानं बटन दाबलं का? लेथवाल्यानं दाबलं का? तुझ्या डब्ब्याला काय येगळा कायदा हाय?"

"माझी नोकरी जाईल वो!"

सुमनताईंनी स्टूल सोडलं नाही. "परवा-परवाच तुमचा पोळा झाला," त्या म्हणाल्या. चाकणकडं पोळा भाद्रपदात असतो आणि लातूरकडं श्रावणात, त्यावरून या दोघांचं दरवर्षी भांडण होतं, म्हणून "तुमचा" वर जोर. "त्या दिशी चिमण्याला गाड्याला जुंपला व्हतास का? खरं सांग."

 पोळ्याच्या दिवशी चिमण्याच्या पाठीवर गोरक्षनं माशीसुद्धा बसू दिली नव्हती. तो तिथंच झेंडूच्या पाकळ्यांमध्ये मांडी घालून बसला. एवढा मोठा गडी, पण चेहरा बघवत नव्हता, असं सुमनताई सांगतात. सांगताना हसतात, पण तेव्हा त्याही कात्रीत सापडल्या होत्या. स्टूलावरून उठावं, तर देवाचा प्रश्न; न उठावं, तर पोराच्या पोटाचा.

मग गोरक्षनं समोरच्या कीबोर्डवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. फूल बाजूला सारून त्यानं कीबोर्ड उलटा धरून झटकला. आतून शेव पडली, चुरमुरे पडले, कढीपत्त्याचं एक अख्खं पान पडलं. बबनरावांचं टेबल होतं ते.

"ताई," तो म्हणाला, "बैल न धुता त्याच्या अंगावर झूल घालत्यात का तुमच्याकडं?"

"न्हाई."

"शेणानं भरल्याला तसाच पुजत्यात?"

"याड लागलंय का? आधी धुवायचा, मग पुजायचा."

"मग हे कुणी धुतलं व्हतं?"

सुमनताईंनी चुरमुऱ्यांकडं पाहिलं. "आमी वरनं पुसलं," त्या पुटपुटल्या. "आतलं तुझं काम व्हतं! तू तुझा टॅक्टर धूत बसलास!"

"व्हय, चुकलंच माझं. पन न धुतल्याल्या जनावराची पूजा देवाला पोचली का न्हाई, ते तुमीच सांगा."

 सुमनताई उठल्या, स्टूल भिंतीला लावलं आणि पदर खोचला. "धू मग. आतनं-बाहेरनं. पण एकेकाची पूजा मी परत करणार, आन् नारळ तुझा."

"दोन आणतो."

"आन् पोळा श्रावणातला खरा, हे म्हन."

"ते न्हाई म्हननार," गोरक्ष म्हणाला. नोकरी जात असताना हे बोलला, बघा!

मग वरात निघाली. पुढं गोरक्ष; कीबोर्ड झटकायचा, चालू करून फाईल आत ठेवायचा, ब्राउझर उघडून मुद्दाम चुकीचं काहीतरी बडवायचा. लाल रेघ उमटली की ओरडायचा, "आली!" मागून ताई आणि त्यांनी बोलावलेल्या साफसफाईच्या बायका, बंद झालेला कॉम्प्युटर पुसून त्याला पुन्हा कुंकू लावायच्या. शेवटी शेवटी "आली!" बायकाच ओरडत होत्या. मांडवातलं जेवण थंड झालं, बसची वेळ झाली, आणि डिस्पॅचच्या शेवटच्या टेबलावर नारळ फुटला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा माणूस आला. मॅडमच्या केबिनमध्ये चहा घेत कुठलं टेबल आधी तपासायचं ते ठरवत होता. गोरक्ष बाहेर उभा. एवढ्यात बबनराव तरातरा आत घुसले.

"मॅडम, या गोरक्षनं माझा कॉम्प्युटर बिघडवला! खंडेनवमीपर्यंत एक चूक नव्हती. आज अख्खं पत्र लाल!"

त्यांच्या मागोमाग ज्योतीराम. "माझं पण, मॅडम. पहिल्या ओळीपासून." मग अकाउंट्सची सायली, मग स्टोअरवाले. पाहुण्याच्या हातातला कप तसाच राहिला. प्रत्येक खात्यातून माणूस येऊन ओरडत होता की आमच्याकडं सगळं लाल झालंय. बाहेर गोरक्षला वाटलं, संपलं. आत तो पाहुणा बॅग बंद करत मॅडमना म्हणाला, "टेबलं बघायची गरज दिसत नाही. सगळीकडं चालू आहे." मॅडमनी बबनरावांना आयुष्यात पहिल्यांदा चहा विचारला. त्यांना अजून वाटतं, तक्रारीची दखल घेतली.

गोरक्षचं कंत्राट वाढलं. वर नवीन काम लागलं, कारण शब्दकोश परदेशी, त्याला आपली नावं ठाऊक नाहीत, आणि माणसाच्या नावाखालीसुद्धा रेघ यायला लागली. आता ज्याला त्याला आपलं नाव शब्दकोशात घालून हवं असतं. पहिलं नाव सगळ्या टेबलांवर सुमनताईंचं गेलं. त्यांना कॉम्प्युटरच नाही, पण दोनदा पूजा कुणी केली? दुसरं नाव चिमण्याचं.

"आणि तुमचं?" मी परवा सकाळी बबनरावांना विचारलं.

"माझं कसलं! चिमण्या लिहिलं की कॉम्प्युटर गप्प, बबनराव लिहिलं की लाल. गोरक्षला म्हटलं तर म्हणतो, बघू."

"मग आता?"

बबनराव चष्मा पुसायला लागले. "रविवारी गोरक्षच्या गावच्या घाटात बैलगाड्यांची शर्यत आहे," ते म्हणाले. "जाऊन येतो म्हणतो. चिमण्या पळतोय. येताय का?"