संघर्षची कापसाची बंडी

आमच्या आर्णीच्या गल्लीत बातमी फिरली, की वेल्डिंगवाल्या संघर्षला त्याची बायको प्रियंका बडवते. त्याच्या पाठीवरचे काळेनिळे डाग नळावर अर्ध्या गल्लीने पाहिले होते. बातमी खोटी निघाली, याचं मला थोडं वाईटच वाटलं. संघर्ष दर रविवारी यवतमाळला जुन्या काळच्या लढाईचा खेळ खेळतो, बोथट तलवारीने. ते डाग तिथले.

पण मला काही पटेना. तलवारीचा वळ लांबट पडायला हवा, हे डाग गोल कसे? म्हणून लढताना तो घालतो ती जाड बंडीच मी चाचपून पाहिली. या शहाण्याने घरच्या शेतातला कापूस सरकीसकट आत कोंबला होता. वार पडला की सरकी पाठीत रुतायची.

प्रियंकाने बजावलं, "बंडी नीट झाल्याबिगर खेळ बंद." तिने सरकी काढलेली रुई भरून बंडी पुन्हा शिवली आणि त्याला अंगणात उभं करून स्वतःच पाठीवर तलवारीचा सणसणीत वार केला. मग बंडी काढायला लावून पाठ पाहिली. एकही नवा डाग नव्हता. रविवारची परवानगी मिळाली.

संघर्ष या खेळाला खरी लढाई म्हणतो, त्याबद्दल माझा संशय मात्र तसाच. मी विचारलं, "काहून रे, तलवारीले धार नाही, अंगात बंडी, डोक्यावर लोखंडी टोप. मंग हे लढाई खरी कशी?"

टोपाचा पट्टा आवळत संघर्ष म्हणाला, "मार खराच बसते, काकू. खोटं वाटत असन तर रविवारी तुमी या, बिना बंडीच्या."