पोत्यातलं चेंबर

जीप विकताना दाजींनी मला फसवलं. बाजारात मी कुणाला सोडत नाही, पण बहिणीच्या नवऱ्याशी घासाघीस केली नाही. महिन्याभरात जीपखाली तेल गळू लागलं. फोनवर चिडून मी तेवढंच सांगितलं. दुसऱ्या सकाळी दाजी जाफराबादहून एसटीने हजर, पोत्यात इंजिनाचं नवं तेलाचं चेंबर. माझ्या अंगणात जीपखाली पाठीवर पडून त्यांनीच जुनं खोललं. गंजून चाळणी झालं होतं; भोकं बुजवून वरून काळा रंग दिलेला.

"पाव्हणं, शिव्या मंग द्या, आधी चहा सांगा," ते खालूनच म्हणाले.

मी दोनदा सांगितला. साठीचा माणूस माझ्यासाठी दिवसभर तेलात माखला, हे मी विसरणार नाही. पण दाजी, चेंबरच सडलंय हे तुम्हाला घरबसल्या कसं कळलं? याचं उत्तर मला पाहिजे.