ऐनाखालची जागा

तुळसाकाकीला राग आला की ती बोलत नाही, गाठी आवळते. सरपणाची मोळी, गवताचा भारा, परड्याचं कुंपण, हाताला येईल ते. या माघात तिने बांधलेल्या मोळ्या सोडायला शेजारणींना कोयती घ्यावी लागली. त्यावरून वाडीला कळलं की काकी फार रागावली आहे.

आमच्या गावाला गावपळण आहे. काही वर्षांनी एकदा देवळात गुरव कौल लावतो, आणि कौल झाला की सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळीच. मागे चुलीत विस्तवसुद्धा ठेवायचा नाही. देवाला गाव मोकळा करून द्यायचा, आणि परतीचा कौल होईपर्यंत रानात राहायचं. प्रत्येक घराची बाहेरची जागा ठरलेली. तुळसाकाकीची सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, झऱ्याजवळच्या ऐनाच्या झाडाखाली. ती लग्न होऊन आली त्याच साली गावपळण आली, त्यामुळे तिची या गावातली पहिली चूल घरात पेटलीच नाही. त्या ऐनाखाली पेटली. नवरा मुंबईत राहिला, तिथेच गेला. चुलीचे तीन दगड मात्र सड्यावर होते तिथेच राहिले, आणि त्यांच्याखालचा कातळ दर खेपेला थोडा आणखी काळा होत गेला.

गावपळणीचा एक नियम आहे. एक गावपळण संपली की पुढचा कौल होईपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. काढलं तर देव पाठ फिरवतो.

सड्यावर सरकारी उद्यान करायचं ठरलं तेव्हा शाळेच्या पडवीत सुनावणी झाली. अधिकारी सभ्य होता. त्याने विचारलं, "गावकरी या जागेचा काही वापर करतात का?"

सगळा गाव बसला होता, आणि सगळा गाव गप्प होता. आत्माराम गुरव स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. बायकांमध्ये बसलेल्या तुळसाकाकीने पदराचं टोक दातांत धरलं. कोणीतरी पावसाळ्यातल्या चराईचं पुटपुटलं, तेवढंच.

"म्हणजे वापर नाही," अधिकारी म्हणाला, आणि चहा आला.

घरी जाताना आत्माराम म्हणाला, "देवाची जागा हाय. देव बघंल." सगळ्यांना बरं वाटलं.

सड्याला तारेचं कुंपण पडलं. फाटकावर पाटी लागली: तंबूचं शुल्क माणशी आणि रात्रीप्रमाणे, चूल पेटवण्यास मनाई, जनावरांना प्रवेश नाही. आणि त्याच वर्षी पौषात कौल झाला.

तुळसाकाकी डोक्यावर गाठोडं आणि मागे दोन शेळ्या घेऊन फाटकाशी आली. फाटकावर तिच्याच वाडीचा संदेश होता, नव्या खाकी शर्टात.

"काकी, तिकीट लागंल."

"कसलं?"

"राहायचं. आणि शेळ्या नाय चालत."

"तू रांगत होतास तवा ह्याच ऐनाखाली तुला मुंगळं चावलं. रात्रभर बोंबलत होतास. त्याचं शुल्क किती झालं रं?"

मागे उभी असलेली माणसं हसली. संदेशने मान खाली घातली. "मी काय करू, काकी? माझी नोकरी हाय."

"तुझी आई कुठं राहाणार?"

"ती पोफळीला मामाकडं गेली."

"बरं झालं. आयशीचं तिकीट फाडायचं तरी वाचलं तुझं."

कोणी तिकीट काढून आत गेलं, कोणी गुरं घेऊन पाहुण्यांकडे सावर्ड्याला गेलं. काकीच्या कनवटीला पैसे होते. ते तिने सोडले नाहीत. आपल्याच चुलीशी बसायला परक्याला पैसे मोजण्यापेक्षा ती दिवसभर शेळ्या ओढत वेशीबाहेर हिंडली. जिकडे जावं तिकडे काजूच्या बागा, बागांना तारा, तारांना कुलपं. शेवटी उद्यानाचं कुंपण आणि खालचा पऱ्या, म्हणजे ओढा, यांच्यामध्ये करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली एक उतरती पट्टी तिला सापडली. तिने कोयतीने जाळ्या तोडल्या, दगडावर पानसुपारी ठेवली, जागेवाल्या देवाची परवानगी मागितली आणि चूल मांडली. तारेपलीकडे ऐन दिसत होता. त्याच्याखाली नारिंगी तंबू होता.

दुसऱ्या दिवशी त्या तंबूतली पुण्याची मुलगी आणि तिचा नवरा पऱ्यावर उतरले.

"आजी, इथे राहायला काही लागत नाही?"

"लागतात की. काटं."

मुलगी खळखळून हसली. काकीने दोघांना कुळथाची पिठी आणि भात वाढला, शेजारची जाळी तोडून दिली. त्यांनी तंबू खाली आणला. चांगली होती पोरं; भांडी घासून दिली, शेळ्यांना पाला आणला. जाताना मुलीने काकीच्या पाया पडून फोटो काढले.

ते फोटो तिने फोनवरून सगळ्या जगाला दिसतील असे टाकले. सोबत वाट कशी, पाणी कुठे, आणि इथे फुकट राहता येतं, हेही. माघ लागेपर्यंत पऱ्याच्या काठाला गाड्या उभ्या राहू लागल्या. पाण्यात बाटल्या आल्या. उद्यानाचे तंबू रिकामे राहू लागले, आणि मग ती पट्टीही कुंपणात घ्यायचं ठरलं.

हे सांगायला संदेश मुद्दाम काकीच्या अंगणात आला. "परत सुनावणी हाय," म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

त्या दिवसापासून मोळ्यांच्या गाठी आवळत गेल्या. राग त्या मुलीवर नव्हता, संदेशवर तर नाहीच. दातांत धरलेल्या त्या पदराच्या टोकावर होता.

तीच पडवी, तोच अधिकारी. "या पट्टीचा गावकरी काही वापर करतात का?"

आत्मारामने पायांकडे बघितलं. तुळसाकाकी उभी राहिली.

"वहिनी, बसा," आत्माराम हळूच म्हणाला.

"गावपळण," काकी म्हणाली.

बायकांनी तोंडावर हात धरले. काकी थांबली नाही. "गावपळणीत आमचा सगळा गाव सड्यावर राहातो. मी ऐनाखाली. हे गुरव बसलेत ना, ह्यांचा मांडव झऱ्याच्या वरल्या अंगाला. ती मथुरा, तिचं बिऱ्हाड उंबराशी. ह्या वर्षी मी त्या पट्टीत काटं तोडून राहिले. पुढल्या गावपळणीत परत ऐनाखाली राहाणार. शेळ्या घेऊन."

"पुढला कौल झाला नाय अजून," आत्माराम म्हणाला. "देव पाठ फिरवंल."

"फिरवू दे. नाव मी काढलंय, माझ्याकडं फिरवू दे."

अधिकाऱ्याने पेन हातात धरलं होतं. "हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

तुळसाकाकी उभीच होती.

"आता सांगतेय ना," ती म्हणाली. "लिहा."