जयाआक्काचे वार आणि आण्णाप्पाची जीभ

उचगावात त्या गल्लीत कुणाला डॉक्टरकडं जायचं झालं, की आधी आण्णाप्पाला गाठायचं, मग बस धरायची. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला गडी. कन्नड असं फाडफाड बोलतो की बेळगावातले डॉक्टर त्याला धारवाडचा समजतात. खोड एकच. पेशंटनं तोंड उघडायच्या आत हा दुखणं सांगून मोकळा, आणि डॉक्टरांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळा. एकदा नर्सनं इंजेक्शन यालाच टोचलं होतं, अशी गल्लीत वदंता आहे. तो नाही म्हणत नाही.

शेजारच्या जयाबाईंना साखर. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना. डॉक्टर सौम्या धारवाडकडच्या, बोलायच्या कन्नडमधून. रोज सकाळी इन्सुलिन घ्या, रोज पट्टी बदला, असं त्यांनी सांगितलं. आण्णाप्पानं ते मराठीत पोचवलं, वर पदरचा दमही भरला. तरी पुढच्या खेपेला जखम होती तशीच, उलट कडेनं काळी.

"डोस वाढवते. तरी फरक नाही पडला, तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर कन्नडमधून म्हणाल्या.

आण्णाप्पाची जीभ पहिल्यांदा अडखळली. त्यानं कसंबसं सांगितलं. जयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रोज घेतात ना?" डॉक्टरांनी आण्णाप्पाला विचारलं.

"रोज म्हणजे रोज! मी शेजारीच राहतो," आण्णाप्पा कन्नडमधून ठासून म्हणाला.

डॉक्टरांनी हात वर केला आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही गप्प. अक्का सांगू दे. सोमवार काय करते? मंगळवार काय करते?"

आण्णाप्पाला गप्प बसवणारं माणूस बघून जयाबाईंना आधी गंमतच वाटली. मग त्या सांगू लागल्या. "सोमवारी उठते, च्याच्या आधी सुई घेते, पट्टी करते. मंगळवारी न्हाय."

"का?"

"वार हाय की, बाई!"

गावात लक्ष्मीची यात्रा जवळ आलेली. यात्रेआधी मंगळवार-शुक्रवार पाळायचे. शेतात औत घालायचं नाही, आणि जयाबाईंच्या वयाच्या बायका तर सुई-दोऱ्यालाही शिवत नाहीत. मग इन्सुलिनची सुई कशी धरायची? रोज म्हणजे वार सोडून रोज. हे गावात सगळ्यांना इतकं ठाऊक, की आण्णाप्पाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्यानं ते मनातही आणलं नव्हतं. डोस वाढला असता, तर सुई घेतलेल्या दिवशी साखर एकदम उतरून बाई चुलीपुढंच कोसळली असती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. "मधे खाडा चालणार नाही," एवढंच म्हणाल्या.

"देवीचं मोडून अंगठा राखू व्हय? मग कुठल्या तोंडानं वटी भरू?" जयाबाई म्हणाल्या.

आण्णाप्पानं डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा बोलला. "आक्का, गेल्या शुक्रवारी माझ्या टाचंत काटा मोडलता. कशानं काढलास?"

"सुईनं. मग कशानं?"

"वार न्हवता?"

"तू बोंबलत हुतास रं, मुडद्या! तसाच ठेवू व्हय?"

"मग देवी कोपली?"

जयाबाई पायाकडं बघत राहिल्या. "ह्यो बोंबलत न्हाय," हळूच म्हणाल्या. साखरेनं त्या पायाची जाणीवच गेली होती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी देवीपुढं दिवा लावला, हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि सुई घेतली. आण्णाप्पा उंबऱ्यात उभा होता. "कोपली काय?" त्यानं विचारलं. "तुझ्यावर कोपू दे," जयाबाई म्हणाल्या.

अंगठा राहिला. यात्रेत जयाबाईंनी ओटी भरली, ती हळू चालत, आण्णाप्पाच्या खांद्याला धरून. आण्णाप्पा अजून गल्लीला घेऊन डॉक्टरकडं जातो. फक्त आता तिथं हाताची घडी घालून बसतो आणि म्हणतो, "आधी तुझं तू सांग." तेवढा वेळ त्याचा चेहरा असा होतो, की डॉक्टर आधी त्यालाच विचारतात, पोटात दुखतंय काय?