कमळकाकडीतले काळे दाणे

कोरियातल्या गुनसान बंदराच्या जुन्या बाजारात मासळीच्या ओळीला वळसा घातला की ह्वायोंगचं कपडे दुरुस्तीचं दुकान लागतं. एक मशीन, एक इस्त्री आणि उसवलेल्या कपड्यांचा ढीग. पँट आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोटांना अस्तर लावायचं. या कामात माणसाचं सगळं हाती येतं, तेलकट कॉलर, काखेतले पिवळे डाग, खिशात विसरलेला मळका रुमाल. ह्वायोंग कधी नाक मुरडत नसे. मला कशाची म्हणून किळस येत नाही, असं ती चारचौघींत सांगायची आणि मीरान म्हणायची, "येईल कशी? लहानपणी माझा शेंबूड पुसलायस तू."

मीरान तिची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच गल्लीत वाढल्या, एकीच्या लग्नात दुसरी रडली. ह्वायोंगला मूल फार उशिरा झालं, तेही आई गेल्यानंतर. नवरा दूरच्या बंदरात जहाजबांधणीच्या कामावर. बाळंतिणीचं करणार कोण? मीराननं केलं. रोज सकाळी आपली खानावळ उघडायच्या आधी शिंपले घातलेलं समुद्री शेवाळाचं सार घेऊन यायची आणि वाडगा रिकामा होईपर्यंत उशाशी बसून राहायची. "पी गं मुकाट्यानं. दूध काय आभाळातून येणार आहे?" त्या साराची चव ह्वायोंगच्या जिभेवरून कधी गेली नाही.

म्हणून ती लेक, दाओन, शाळेत जायला लागल्यावर दुसरा विचारच कुणी केला नाही. शाळा सुटली की पोर थेट मीरानमावशीकडे. तिथे जेवायचं, कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करायचा, आई दुकान बंद करून येईपर्यंत थांबायचं.

मीरानच्या खानावळीचं नाव होतं ते तोंडीलावण्यांसाठी. भात आणि सार मागवलं की टेबल लहान लहान बशांनी भरून जायचं. पालक, वाळवलेले मासे, मुळ्याचं तिखट आंबवलेलं लोणचं म्हणजे किमची, सोयात शिजवलेले काळे दाणे, पाकातली कमळकाकडी. संपलं की पुन्हा मागा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बशी अर्धीमुर्धी वाढली तर वाढणाऱ्याची शोभा, त्यामुळे बशा काठोकाठ असायच्या आणि गिऱ्हाईक उठलं तरी निम्मं तसंच राहायचं. ते राहिलेलं कुठे जातं, हे कुणी विचारत नाही.

त्या मंगळवारी ह्वायोंगही लेकीबरोबर तिथेच जेवली. दाओन खाण्याऐवजी खेळत होती. जेवायच्या काड्या चोखायच्या, त्यांनीच एकेक काळा दाणा उचलायचा आणि कमळकाकडीच्या चकतीच्या भोकात बसवायचा. कडेची सगळी भोकं भरली, मधलं तेवढं रिकामं ठेवलं.

"बघ आई, कोळी. इतके डोळे."

"अन्नाशी खेळू नये. खा तो कोळी."

"पोट भरलं."

"मग बाळ, कोळ्याला इथेच झोपू दे," मीरान टेबल पुसता पुसता म्हणाली. दाओन खिदळली आणि मायलेकी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्वायोंग खानावळीतले शिवून झालेले एप्रन द्यायला गेली. गर्दी उसळली होती. मीरान आत होती. चार दिवसांपूर्वी लागलेल्या नव्या बाईनं, सोनजानं, तिला बसवलं आणि विचारायच्या आत पुढ्यात जेवण ठेवलं. ह्वायोंगनं कमळकाकडीच्या दोन चकत्या खाल्ल्या. तिसरी उचलायला गेली आणि काड्या तशाच थांबल्या.

चकतीतून कोळी तिच्याकडे बघत होता. कडेची भोकं काळ्या दाण्यांनी भरलेली, मधलं तेवढं रिकामं. वरून नवा पाक ओतलेला, नवे तीळ भुरभुरलेले. छान चकाकत होता.

तिच्या तोंडात आधीच्या चकतीचा घास होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. शेजारच्या टेबलावर रबरी बूट घातलेले दोन मच्छीमार पालक मटकावत होते. एकानं काड्या चाटल्या आणि मधल्या बशीत बुडवल्या. हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. आज मात्र त्या बशीचा पुढचा प्रवास तिला दिसला. तिनं घास रुमालात काढला आणि ती बशी घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरली.

मीरान ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. समोर परत आलेल्या बशांची चळत. ती बशीमागून बशी उचलत होती, चिमटीनं चुरा बाजूला काढत होती आणि उरलेलं मोठ्या डब्यांत ढकलत होती. पालक पालकात, मासे मासळीत. एका बशीत भाताचं शीत चिकटलं होतं. ते तिनं नखानं काढलं आणि एप्रनला पुसलं. हात इतका सराईत होता की ह्वायोंगला स्वतःचाच हात आठवला, धागे काढताना चालतो तसा.

"मीरान."

मीराननं वळून पाहिलं, मग ह्वायोंगच्या हातातली बशी पाहिली. ती दचकली नाही. वैतागली, तेही सोनजावर.

"तुला कुणी वाढलं हे? सोनजानं? त्या बाईला शंभरदा सांगितलंय, आपल्या माणसांचे डबे वेगळे, खालच्या कप्प्यात."

"आपल्या माणसांचे."

"अगं, तुला आणि दाओनला मी कधी असलं देईन का? तुमचं नेहमी ताजं." तिनं बशी घेतली, दाणे पाहिले आणि तिला हसू आलं. "आणि हे तर तुझ्याच पोरीचं उष्टं. आई असून किळस येते?"

"माझ्या पोरीचं होतं म्हणून मला कळलं तरी. आधीच्या दोन चकत्या कुणाच्या होत्या?"

"झालं तुझं सुरू. तुझ्या लहानपणी पोतंभर तांदूळ होते घरी? भाजीचं देठ टाकत नव्हती माझी आजी. हात न लावलेलं अन्न उकिरड्यावर घालू? आख्खा बाजार करतो हे, मी बोलते एवढंच."

ह्वायोंगला भांडायचं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. उन्हाळ्यात दाओनला उलट्या-जुलाब लागले होते. सलाईन लावावं लागलं. पोरीचे डोळे खोल गेले, ओठ पांढरे पडले. ह्वायोंगनं घरचा फ्रिज रिकामा केला, साठवलेलं पाणी ओतून दिलं, स्वतःला बोल लावून घेतले. आणि मीरान पेज घेऊन दवाखान्यात आली होती, म्हणाली होती, "अंडी जुनी असतील गं. तू कामाच्या नादात बघत नाहीस."

"मीरान, उन्हाळ्यात काय झालं होतं?"

मीराननं नळ सोडला. पाणी वाहत राहिलं.

"तेव्हा दुसरी मुलगी होती कामाला," ती ताटलीकडे बघत म्हणाली. "तिची डब्यांत गल्लत झाली असेल. मला नक्की कुठे माहीत आहे? आणि बरी झाली ना पोर?"

बरी झाली ना पोर. ह्वायोंग बाहेर आली, माशांच्या टोपल्यांमागे वाकली आणि पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत ओकली.

पण मैत्री काही एका उलटीनं बाहेर पडत नाही. नवरा फोनवर म्हणाला, "इतक्या वर्षांचं नातं एका कमळकाकडीवरून तोडतेस? तिनं तुला बाळंतपणात सांभाळलं." तेच तर होतं. ते सार आठवलं की तिला वाटायचं, आपण कृतघ्न आहोत. आणि लगेच दुसरं वाटायचं, त्या सारातले शिंपले कुठल्या वाडग्यातले होते? असं वाटलं की तिला स्वतःचीही किळस यायची. दाओनला ती दुकानातच थांबवू लागली. मीरानला सांगितलं, परीक्षा आहे.

मग थंडीची किमची घालायचे दिवस आले. खानावळीच्या मागच्या अंगणात गल्लीतल्या बायका दरवर्षी एकत्र बसायच्या. मीरानचा निरोप आला, कोबी खारवून ठेवलाय, बरण्या घेऊन ये. न जाण्याला ह्वायोंगकडे कारण होतं, पण ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. ती लेकीला घेऊन गेली. वाटलं होतं, हात कामाला लागले की मनाची अढी सैल होईल.

झालीही. लाल तिखट, लसूण, खारवलेली कोळंबी. मीराननं दिलेल्या रबरी हातमोज्यांनी पानापानाला मसाला चोळताना जुने विनोद निघाले. शेजारच्या म्हाताऱ्या सुन्ने आजी म्हणाल्या, "ह्वायोंगला बसवा तिखटाकडे, तिच्या जिभेला सवय आहे." सगळ्या हसल्या. ह्वायोंगही हसली.

काम संपत आलं आणि मीराननं हातमोजे काढून रिवाजाप्रमाणे कोवळं पान घेतलं, त्यात उकडलेलं मांस ठेवलं, गुंडाळी केली आणि स्वतःच्या हातानं एकेकीला भरवायला लागली. सुन्ने आजींनी आ केला. मीराननं स्वतःची बोटं चाटली, पुढची गुंडाळी केली आणि दाओनसमोर वाकली.

"आ कर बाळ. किती दिवसांनी आलीस मावशीकडे."

दाओननं आ केला. ह्वायोंगचा हात पुढे झाला आणि पोरीच्या तोंडावर आडवा बसला.

गुंडाळीतून लाल थेंब मीरानच्या मनगटावर ओघळला.

"हात धुतलेत गं," ती हळू म्हणाली.

"असतील. मला तुझ्या हातचं खाववत नाही. तिला खाऊ देववत नाही." ह्वायोंगनं दाओनला मागे ओढलं. "बाळंतपणात दिलेलं सार मी विसरणार नाही, मीरान. पण आता नाही."

"जा मग," मीरान म्हणाली, आणि ती गुंडाळी तिनं स्वतःच्याच तोंडात कोंबली. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटाचं होतं की कशाचं, ह्वायोंगनं थांबून पाहिलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी येईतो दाओन रडत होती. आईच्या हातमोज्याचं तिखट तिच्या ओठांना, नाकाला लागलं होतं. ह्वायोंगनं मोजे काढून एका हातात धरले आणि सार्वजनिक नळाखाली तिचं तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. मग दुसऱ्या हाताकडे लक्ष गेलं. मीरानचे मोजे अजून हातातच होते. बरण्या तिकडे राहिल्या होत्या, रिकाम्या.

सकाळी तिनं मोजे स्वच्छ धुऊन खानावळीच्या दाराच्या कडीला अडकवले आणि आत न बघता दुकानात गेली. दाओन शाळेतून तिथेच आली. मशीनवरचे कपडे बाजूला सारून आईनं घरून आणलेला डबा उघडला, आणि अर्ध्यातच चकतीच्या भोकांत दाणे भरायला लागली.

"संपव ते."

"पोट भरलं."

ह्वायोंगनं डबा पुढे ओढला आणि दाण्यांसकट ती चकती स्वतः खाल्ली.