देवीचे पाय दिसेनात

नवसावर माझा विश्वास नव्हता; आज तो किती आहे, हेही मला ठामपणे सांगता येणार नाही. जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी तपासते. डोळा हे माझे पहिले उपकरण. म्हणून डाव्या डोळ्याच्या आत तीव्र दाह झाला, तेव्हा औषधे मी काटेकोरपणे घेतली. लाली ओसरली, ठणका थांबला. धूसरपणा आणि तरंगते ठिपके उरले. ते दाहाचेच अवशेष असावेत, असा निष्कर्ष मी काढला. आईने मात्र मंठ्याजवळच्या आमच्या गावी देवीला चांदीचे डोळे बोलले होते. ते वाहायला आम्ही दोघी गेलो.

रीत अशी, की चांदीचा डोळा आधी स्वतःच्या डोळ्यावर धरायचा, मग देवीला वाहायचा. मी तो डाव्या डोळ्याकडे नेताच रांगेतल्या एका अनोळखी बाईने माझे मनगट धरले.

"दुखरा काय झाकून राह्यलीस, पोरी? चांगला झाक. आधी चांगला तिच्या हवाली करावा."

"असं का पण?"

"घ्या! ही तर देवीचीच परीक्षा घेऊन राह्यली," ती आईकडे पाहून हसली.

"लाव गं जल्दी, मागं लोक खोळंबलेत," आई म्हणाली.

मी उजवा डोळा झाकला आणि देवीचे पाय नाहीसे झाले. वर मुखवटा धूसर दिसत होता; कमरेखाली काळा पडदा. नजर हलवली की तोही हलायचा. उजवा डोळा ही उणीव इतकी बेमालूम भरून काढत होता, की मला तिचा पत्ताच नव्हता.

"आई, पाय दिसत न्हाईत."

"कुणाचे?"

"देवीचे."

आईच्या हातातले ताट कलंडले.

आम्ही तडक संभाजीनगरचे नेत्र रुग्णालय गाठले. दाहामुळे डोळ्यातील पारदर्शक गर आक्रसला होता. त्याच्या ओढीने नेत्रपटल फाटले होते आणि फटीतून पाणी शिरून ते मागच्या भिंतीपासून सुटत चालले होते. "मधला भाग अजून चिकटलेला आहे. थांबू नका," डॉक्टर म्हणाले. थेंब घालताना परिचारिकेने माझी मूठ सोडवली; चांदीचा डोळा तळव्यात रुतलेला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मला ना डोळ्याच्या आकृत्या आठवल्या, ना नजर वाचण्याची शक्यता. मी देवीला एवढेच म्हणाले, चांगलाही तुझा, दुखराही तुझा.

नंतर देवळात गेले, तेव्हा ती बाई कुठे दिसली नाही. तिचे नावही आम्ही विचारले नव्हते. मी तोच चांदीचा डोळा उजव्या डोळ्यावर धरला. समोर किंचित वाकडे, फिकट, पण पाय होते. या वेळी कारण विचारले नाही. डोके टेकवले.